खुटावरचा अपघात: गुन्हा कोणाचा, भरपाई कोणाची आणि रस्ता कोणाचा

बेळगावात चार रस्ते एकत्र येतात त्या जागेला जुनी माणसे खूट म्हणतात आणि नंतरच्या वस्त्यांत तिला सर्कल किंवा क्रॉस म्हणण्याची पद्धत पडली आहे. नाव कोणतेही असो, तेथे दोन गाड्या भिडल्या की जमलेल्या गर्दीचा निकाल दोन मिनिटांत लागतो. दुचाकी आणि मोटार असेल तर चूक मोटारीची, मोटार आणि ट्रक असेल तर ट्रकची, आणि नंबरप्लेट गोव्याची किंवा कोल्हापूरची असेल तर बहुधा पाहुण्याची. कायदा या क्रमाने विचार करत नाही. त्याच्या दृष्टीने ‘चूक कोणाची’ हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न आहेत: गुन्हा कोणाकडून घडला, नुकसान कोणी भरून द्यायचे, आणि ती जागा मुळात धोक्याची कोणी ठेवली. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या दर्जाच्या पुराव्यावर दिली जातात. त्यामुळे एखादा चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटतो आणि त्याच अपघातासाठी त्याच्या विमा कंपनीला लाखो रुपये भरावे लागतात, तेव्हा लोकांना न्यायालयाने दोन तोंडांनी बोलल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात न्यायालयापुढचे प्रश्नच दोन असतात.

आधी चौक इतका घातक का ठरतो ते पाहू. वाहतूक अभियांत्रिकीत एक साधी मोजणी असते. दोन्ही दिशांनी वाहतूक असलेले चार रस्ते जेथे मिळतात, तेथे वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात, मिळतात किंवा फुटतात, आणि त्यांपैकी १६ ठिकाणी त्या सरळ आडव्या छेदतात. तिठ्यावर ही संख्या ९ वर येते, आणि मध्ये बेट ठेवून सर्वांना एकाच दिशेने वळसा घालायला लावले तर ८ वर. शनिवार खूट किंवा खडेबाजाराच्या आसपासचे रस्ते मोटारी नव्हत्या त्या काळातले आहेत. कोपऱ्यावरचे दुकान, त्याचा फलक आणि त्यापुढे उभ्या दुचाक्या यांच्याआडून येणारी गाडी समोर आल्याशिवाय दिसत नाही. आरपीडी क्रॉसवर अडचण निराळी आहे: कॉलेज सुटण्याच्या वेळी पायी मुले, दुचाक्या, शहर बस आणि खानापूर रोडने गोव्याकडे निघालेली वाहने एकाच जागेवर आपापल्या गतीने येतात. शहराबाहेर राष्ट्रीय महामार्ग ४८ ला सेवा रस्ते मिळतात तेथे तर बैलगाडीचा वेग आणि महामार्गाचा वेग एकत्र येतात, आणि हंगामात त्यात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते.

वेगाचे गणित मनात पक्के नसल्यामुळे ‘तो अचानक आडवा आला’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जबाबात येते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर आणि ताशी ६० म्हणजे जवळजवळ १७ मीटर. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर ताशी ६० च्या वेगात गाडी ब्रेक लागण्यापूर्वीच सुमारे २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतरचे ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर हे अंतर चौपट होते. ‘अचानक’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की, जेथे कोपऱ्यापलीकडचे दहा मीटरही दिसत नाहीत तेथे थांबायला तीस-चाळीस मीटर लागतील अशा वेगाने आपण आलो होतो.

आता चौकात आधी कोणी जायचे ते. मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ मध्ये याची उत्तरे आहेत, आणि त्यांतील मुख्य सूत्र १९८९ च्या जुन्या नियमांतही होतेच. चौकाजवळ येताना वेग कमी करायचा आणि कोणालाही धोका न होता आत जाता येईल याची खात्री झाल्याशिवाय शिरायचे नाही, ही जबाबदारी प्रत्येकाची आहे, हिरव्या दिव्याने येणाऱ्याचीसुद्धा. सिग्नल किंवा पोलीस नसेल तर लहान रस्त्याने येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला वाट द्यायची. मुख्य आणि लहान असा भेद नसेल तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला वाट द्यायची. बेटाभोवतीच्या चौकात आत फिरत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला. उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, आणि झेब्रा पट्ट्यांवर पाऊल ठेवलेल्या पादचाऱ्यासाठी सर्वांनी थांबायचे. पोलिसाने हात केला तर दिव्यापेक्षा तो हात श्रेष्ठ. ‘लेफ्ट फ्री’ ही आपल्याकडची सर्वमान्य समजूत आहे, पण तशी पाटी लावलेली नसेल तर लाल दिव्यावर डावीकडे वळणेही नियमभंगच ठरते.

या सर्वांत कोठेही ‘ज्याने आधी डिपर मारला तो आधी’ असा नियम नाही. सीमाभागातल्या रस्त्यांवर डिपरचा अर्थ ‘मी थांबत नाही’ असा घेतला जातो, आणि अपघातानंतर ‘मी लाईट दिली होती’ हे बचाव म्हणून सांगितले जाते. खरे पाहता तो बचाव नसून कबुली आहे, कारण समोरचा येताना दिसला होता आणि तरी वेग कमी केला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पहिला प्रश्न गुन्ह्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असल्यामुळे जुन्या दंडसंहितेतील २७९, ३३७, ३३८ आणि ३०४-अ ही ओळखीची कलमे त्यानंतरच्या अपघातांना लागत नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवणे आता कलम २८१ खाली येते आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कोणाला दुखापत झाली तर कलम १२५ लागते आणि गंभीर दुखापतीला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हयगयीने मृत्यू झाला तर कलम १०६ च्या पहिल्या पोटकलमाखाली कैद पाच वर्षांपर्यंत जाते. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम, म्हणजे अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, यावर जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी आंदोलन केले, आणि संहिता लागू करताना सरकारने तेवढा भाग मागे ठेवला. याखेरीज मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा तोडणे, वाहन चालवताना हातात मोबाइल धरणे आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे यांचा धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्ट समावेश झाला. चौकातल्या अपघातांत हे तिन्ही नेहमी भेटतात.

फौजदारी खटल्यात मात्र गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो आणि तेथे मोघम शब्द टिकत नाहीत. कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका ट्रक अपघाताच्या खटल्यात १९९८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, ‘गाडी भरधाव होती’ एवढ्या साक्षीवरून हयगय सिद्ध होत नाही, कारण भरधाव हा सापेक्ष शब्द आहे. रस्ता कसा होता, गर्दी किती होती आणि त्या परिस्थितीत तो वेग का घातक होता, हे पुराव्याने दाखवावे लागते. पंचनाम्याचे महत्त्व येथे कळते. चाकांच्या घसरण्याच्या खुणा किती लांब आहेत, काचा कोठे पडल्या, स्टॉप लाइनपासून गाडी किती अंतरावर थांबली, हे मोजून लिहिले नसेल तर नंतर पाच साक्षीदारांनी ‘भरधाव होता’ असे शपथेवर सांगूनही फारसे साधत नाही.

अल्पवयीन मुलांचा विषय थोडक्यात. मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. ट्यूशनला सोडायला वेळ नाही म्हणून स्कूटरची किल्ली देणाऱ्या घरांनी हे कलम एकदा वाचावे.

दुसरा प्रश्न भरपाईचा, आणि सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने तो अधिक मोठा आहे. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, ज्याला लोक एमएसीटी म्हणतात. तेथे निःसंशय पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू तोलून कोणती अधिक संभवनीय वाटते एवढेच पाहिले जाते. म्हणूनच फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी भरपाईचा दावा त्याबरोबर पडत नाही, आणि हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० पासून अनेकदा सांगितले आहे. उलट चालकाला शिक्षा झाली म्हणून भरपाई आपोआप मिळते असेही नाही. अर्ज करावाच लागतो.

चौकातल्या अपघातात बहुधा दोघांचीही थोडी थोडी चूक असते, आणि न्यायाधिकरण ती टक्क्यांत वाटू शकते. येथे दोन संज्ञा नीट वेगळ्या ठेवायला हव्यात. जखमी झालेल्याची स्वतःचीच चूक अपघाताला काही अंशी कारणीभूत असेल तर ती अंशदायी हयगय, आणि तेवढ्या टक्क्यांनी त्याची भरपाई कमी होते. पण जखमी व्यक्तीची काहीच चूक नसून दोन चालकांच्या चुकीत ती सापडली असेल तर ती संयुक्त हयगय, आणि तेथे त्या व्यक्तीला संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून मागता येते. त्या दोघांनी आपापसांत हिशेब कसा करायचा ही त्यांची गोष्ट. २०१५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध केले आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शहापुरातल्या सिग्नल नसलेल्या एका खुटावर ३४ वर्षांचा यंत्रमाग कामगार स्कूटरवरून येत आहे, मागे त्याचा मित्र बसला आहे. उजव्या हाताच्या रस्त्याने एक मोटार वेगात येते आणि धडक होते. कामगाराचा मृत्यू होतो, मित्राचा पाय मोडतो. नियमाप्रमाणे उजवीकडून येणाऱ्याला वाट देणे स्कूटरस्वाराचे काम होते. पण चौकात वेग कमी करणे हे मोटारचालकाचेही काम होते आणि त्याने ते मुळीच केले नाही. न्यायाधिकरणाने मोटारीचा दोष ७५ टक्के आणि स्कूटरचा २५ टक्के धरला असे समजू.

आता रक्कम कशी निघते ते पाहा, कारण ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांनी देशभर एकसारखी ठरवून दिली आहे. कामगाराचे मासिक उत्पन्न १८,००० रुपये सिद्ध झाले. तो चाळिशीच्या आत असून कायम नोकरीत नसल्यामुळे भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २५,२०० रुपये. पत्नी, दोन मुले आणि आई असे चार जण त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे, म्हणजे १८,९०० रुपये उरले. वर्षाचे २,२६,८०० रुपये झाले. वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचे असते; ३१ ते ३५ या वयोगटासाठी तो १६ आहे, तेव्हा रक्कम ३६,२८,८०० रुपये. त्यात अंत्यविधी, वारसा आणि सहवासाच्या हानीसाठी ठराविक रकमा मिळतात, ज्या २०१७ मध्ये १५,०००, १५,००० आणि ४०,००० रुपये ठरल्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायच्या आहेत. त्या बाजूला ठेवल्या तरी, स्कूटरचा २५ टक्के दोष म्हणून मूळ रकमेतून ९,०७,२०० रुपये वजा होतात आणि कुटुंबाच्या हाती २७,२१,६०० रुपये येतात. मागे बसलेल्या मित्राच्या भरपाईतून मात्र एक रुपयाही कापला जात नाही, कारण तो गाडी चालवत नव्हता.

खुटावरची ती पाच सेकंदे किती महाग असतात ते या वजाबाकीत दिसते, आणि म्हणूनच विमा कंपनीचे वकील मृताच्या माथी दोषाचे टक्के चढवण्यासाठी झटतात. त्यांचे काही नेहमीचे मुद्दे न्यायालयाने खोडून काढलेले आहेत. स्कूटरवर तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, त्या तिसऱ्या माणसामुळे अपघात घडला किंवा परिणाम वाढला हे दाखवावे लागते, असे २०२० चा निकाल सांगतो. चालकाकडे लायसन्स नव्हते एवढ्यावरूनही त्याची हयगय सिद्ध होत नाही. दंड वेगळा, दोष वेगळा. याचा अर्थ ट्रिपल सीट फिरावे असा नव्हे, तर नियमभंग आणि अपघात यांच्यात कार्यकारणाचा धागा दिसला पाहिजे असा आहे. मात्र अपघात सर्वस्वी स्वतःच्याच चुकीने झाला असेल तर थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणाऱ्या विम्यातून, चालकाच्या कुटुंबाला काही मिळत नाही, आणि २०२५ मध्ये कर्नाटकातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कायम केले. अशा वेळी उपयोगी पडतो तो मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, जो पॉलिसी घेताना ‘हे काय जादा लावलंय’ म्हणून लोक काढून टाकायला सांगतात.

पैसे प्रत्यक्षात कोण देतो? कायद्याने जबाबदारी चालकाची आणि त्याच्या मालकाची, पण थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्यामुळे देते विमा कंपनी. चालकाचे लायसन्स मुदतबाह्य असणे यासारख्या अटींच्या भंगात अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. पॉलिसीच संपलेली असेल तर ओझे थेट मालकावर येते आणि घर, शेत यांवर वसुली येऊ शकते. वायव्य कर्नाटक परिवहनची बस किंवा महाराष्ट्राची लाल परी असेल तर महामंडळ स्वतःच जबाबदार असते, तेथे ‘सरकारी गाडीविरुद्ध काय होणार’ हा समज निराधार आहे.

सीमाभागात जुनी गाडी विकताना एक चूक फार होते. केए २२ किंवा केए २३ ची दुचाकी चंदगड-गडहिंग्लजकडच्या माणसाला विकली जाते, पैसे घेतले जातात, कोऱ्या फॉर्मवर सह्या होतात आणि आर.सी.वर नाव तसेच राहते, कारण दुसऱ्या राज्यात नोंदणी बदलायची म्हणजे ना-हरकत दाखला आणि कराचा खटाटोप. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. पाच वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीने निपाणीच्या चौकात कोणाला उडवले आणि तिचा विमा नसला, तर नोटीस पहिल्या मालकाच्या घरी येते.

हद्दीचा दुसरा मुद्दा दावा दाखल करण्याचा. अपघात जेथे झाला तेथेच खटला चालवावा लागतो असे बहुतेकांना वाटते, आणि त्यापायी लोक राज्य ओलांडून हेलपाटे घालतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघाताची जागा, दावेदाराचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण आणि प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण, यांपैकी कोठेही दावा करता येतो. शिनोळीजवळ अपघातात सापडलेल्या हिंडलग्याच्या माणसाला बेळगावात दावा लावता येतो, आणि चन्नम्मा चौकात जखमी झालेल्या चंदगडच्या माणसाला महाराष्ट्रातल्या आपल्या भागातील न्यायाधिकरणात जाता येते. अपील मात्र त्या त्या राज्याच्या उच्च न्यायालयात जाते: बेळगावच्या निकालावर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या निकालावर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे. निवड करताना साक्षीदार कोठले आहेत हेही पाहावे.

फौजदारी बाजू मात्र जेथे घटना घडली तेथील पोलिसांकडेच जाते, आणि बेळगाव जिल्ह्यात ती कन्नडमध्ये चालते. फिर्याद लिहून झाल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवणे आणि एफआयआरची प्रत विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. कन्नड वाचता येत नसेल तर मजकूर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि यात कोणाचा अपमान नाही. गाडी कोणत्या दिशेने आली हे लिहिताना डावे-उजवे बदलले तर वरच्या हिशेबातले टक्केच उलटे होतात. कागदांत पंचनाम्याला ‘महजर’ म्हटलेले असते आणि जखमांच्या दाखल्याला ‘वुंड सर्टिफिकेट’. दोन्हींच्या प्रती जपून ठेवाव्यात.

आता अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांविषयी. याच कायद्याच्या, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या, कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळेल याची व्यवस्था करायची आहे, आणि जमाव अंगावर येत असेल तर तेथून निघून शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना कळवायचे आहे. म्हणजे मार चुकवण्यासाठी ठाण्यात जाणे हा पळून जाण्याचा गुन्हा नव्हे. घरी जाऊन गाडी धुणे हा आहे. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे, त्याच्यावर साक्षीदार होण्याची किंवा नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेनुसार जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळू शकतात, चूक कोणाचीही असो. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात, त्यासाठी तहसीलदार किंवा प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. दोष सिद्ध न करता कलम १६४ खाली अनुक्रमे पाच लाख आणि अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूदही आहे. पण ती रक्कम स्वीकारल्यावर मोठ्या भरपाईचा अर्ज संपुष्टात येऊ शकतो, म्हणून घाईने होकार देऊ नये.

कोपऱ्यावरच्या दुकानाचा सीसीटीव्ही हा आजचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे, पण तो काही दिवसांत स्वतःच्याच स्मृतीवर नवे चित्र लिहितो. त्यामुळे पहिल्याच दिवशी दुकानदाराला विनंती करून आणि पोलिसांना लेखी कळवून ते चित्रण राखून ठेवायला हवे. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला असे गृहीत न धरता चौकशी करावी. दाव्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असल्यामुळे मुदत उलटली म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही, परंतु आव्हानाच्या भरवशावर थांबण्याचेही कारण नाही.

‘तिथेच मिटवून टाकू’ हा आपल्याकडचा आवडता मार्ग. बंपरला पोचा आला असेल तर तो शहाणपणाचा आहे. माणसाला मार लागला असेल तर नाही, कारण डोक्यातला रक्तस्राव किंवा मणक्याची इजा पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उमगते आणि तोवर हातात पाच हजार रुपये आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असा कागद एवढेच उरलेले असते. मृत्यू झाला असेल तर फौजदारी खटला दोन्ही बाजूंच्या तडजोडीने मिटतही नाही. भरपाईचा दावा मात्र लोकअदालतीत समजुतीने निकाली काढता येतो, आणि रक्कम वरच्या हिशेबाच्या जवळपास असेल तर तो मार्ग चांगला आहे.

राहिला तिसरा प्रश्न, रस्त्याचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड पीडिताला मिळत नाही, सरकारी निधीत जातो. कलमाची धार यापेक्षाही दुसऱ्या कारणाने बोथट होते: रस्ता कोणाचा हेच आधी शोधावे लागते. बेळगावात महानगरपालिकेचे, सार्वजनिक बांधकाम खात्याचे, महामार्ग प्राधिकरणाचे आणि कॅन्टोन्मेंट बोर्डाचे असे रस्ते एकमेकांत मिसळलेले आहेत. सिग्नल आठवडाभर बंद असेल, झाडाच्या फांदीने स्टॉपची पाटी झाकली असेल किंवा खोदलेला चर तसाच पडला असेल, तर तारखेसह छायाचित्र काढून संबंधित कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोचपावती घ्यावी. पुढे अपघात झाला तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे त्या कार्यालयाला म्हणता येत नाही. महामार्गांवर वारंवार अपघात होणाऱ्या जागा ओळखण्याचे केंद्र सरकारचे मापही ठरलेले आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे कागदावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरण्यासाठी सुद्धा आधी माणसे जावी लागतात, आणि प्रत्येक अपघाताची नोंद झालेली असावी लागते. तिथेच मिटवलेले अपघात या मोजणीत येत नाहीत.

रस्त्याच्या मालकाला भरपाईतून सूट आहे असे मात्र समजू नये. वाहनचालकाबरोबर आणखी कोणाची हयगय अपघाताला कारण झाली असेल तर त्यालाही न्यायाधिकरणापुढे प्रतिवादी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मान्य केले. ते प्रकरण केरळातल्या पहारा नसलेल्या रेल्वे फाटकावरचे होते. रेल्वेने एक बस उडवली होती, आणि फाटकावर माणूस न ठेवल्याबद्दल न्यायालयाने रेल्वेला जबाबदार धरले. टिळकवाडीत रेल्वे फाटकांवरून पडलेल्या पहिले गेट, दुसरे गेट अशा पत्त्यांवर वाढलेल्या आपल्या शहरात तो निकाल वकिलांच्या पलीकडे फारसा कोणाला ठाऊक नाही.